तांदूळ ठेवलेला रेकॉर्ड प्लेअर

आमच्या घरातला रेकॉर्ड प्लेअर कुणी विकत आणलेला नव्हता. शेजारच्या मावशी देश सोडून निघाल्या तेव्हा त्यांनी तो आईला दिला होता.

पेणला रामवाडीत आमच्या भिंतीला भिंत लागून एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, कुटुंब राहायचं. मावशी, त्यांचे यजमान आणि दोन मुली. बोलणं, जेवण, नऊवारी नेसणं, सगळं आमच्यासारखंच. फक्त शनिवारी धर्माप्रमाणे त्यांच्याकडे चूल पेटत नसे आणि रेकॉर्ड प्लेअरही लागत नसे. मावशींचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने तो बाहेरून आणून दिलेला. गडद लाकडाची पेटी, वर झाकण, आत फिरणारी थाळी आणि त्याच लाकडाचे दोन स्पीकर. दुपारी पुरुषमाणसं कामावर गेली की आई वालाची टोपली घेऊन तिकडे जायची. मी शाळेतून आलो की तिथेच जाऊन बसायचो. रेकॉर्ड लागायची आणि वाल सोलता सोलता आई तिच्या बरोबरीने गायची. पुढे जायची नाही, मागे पडायची नाही. मावशी मधेच रेकॉर्डचा आवाज अगदी बारीक करून टाकत आणि आईला ते कळतही नसे. ती तशीच गात राहायची. मग दोघी हसायच्या.

मावशींचे नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले होते. साठच्या दशकाच्या शेवटी त्यांचंही ठरलं. सामान वाटून झालं. पाटा-वरवंटा कुणाला, पलंग कुणाला. रेकॉर्ड प्लेअर कुणाला द्यायचा ते मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी यजमानांच्या मदतीने तो आमच्या पडवीत आणून ठेवला आणि माझे वडील तिथेच बसलेले असताना आईला म्हणाल्या, "हा मी तुझ्या घराला नाय देत. तुला देते. गळा तुझा हाय."

वडिलांनी ते ऐकलं.

वडील धरमतरच्या धक्क्यावर मुकादम होते. मालाच्या होड्या लागल्या की खलाशी आणि हमालांवर त्यांचा आवाज चालायचा. घरी मात्र ते कमी बोलत. सुरुवातीला त्यांना त्या पेटीचं कौतुकच होतं. कुणी आलं की झाकण उघडून दाखवायचे. दुपारी मावशींच्या घरी व्हायचं ते आता आमच्या पडवीत व्हायला लागलं. आळीतल्या बाया निवडण-टिपण घेऊन यायच्या. आई आधी लाजायची, पण रेकॉर्ड लागली की तिला राहवायचं नाही. माझ्या आठवणीत तिचा त्या काळातला चेहरा वेगळाच आहे. पुढे तो चेहरा मला दिसला नाही, म्हणून तो इतका लक्षात राहिला असेल.

गौरी-गणपतीच्या दिवसांत एकदा वडील धक्क्यावरच्या दोन माणसांना घेऊन दुपारीच घरी आले. आई गात होती, बाया ऐकत होत्या. माणसं पायरीशी थांबली. गाणं संपल्यावर त्यातला एकजण हसत वडिलांना म्हणाला की मुकादम, तुमच्या घरी असा कार्यक्रम असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आता दुपारची जेवणं इथंच. दुसरा पण हसला. वाईट बोलायचा त्यांचा हेतू होता असं मला आजही वाटत नाही. वडीलही हसले. बायांना बसा म्हणाले. पाहुण्यांना चहा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धक्क्यावर गेले नाहीत. पडवीत बसून त्यांनी पेटीचे स्क्रू काढले, आतलं यंत्र उचलून पोत्यात घातलं, एक स्पीकर आणि सगळ्या रेकॉर्डी घेतल्या आणि एसटीने रोह्याला निघून गेले. रोह्याला त्यांचा चुलत भाऊ लग्नाकार्यात लाऊडस्पीकर भाड्याने देत असे. त्याच्याकडे नेऊन दिलं. आईला विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. आई मोरीत कपडे धूत होती. ती बाहेर आली तेव्हा पडवीत नुसती पेटी उघडी पडली होती.

संध्याकाळी वडील परत आले ते सुताराला घेऊनच. पेटीला आतून पत्रा मारून घेतला. म्हणाले, "एवढी चांगली पेटी, रिकामी कशाला ठेवायची गो? तांदूळ राहतील." उरलेल्या स्पीकरवर पाण्याचा हंडा आला.

मग आई रोज सकाळ-संध्याकाळ त्या पेटीचं झाकण उघडून तांदूळ काढायची. तिने त्यावरून भांडण केल्याचं मला आठवत नाही. ती रडलेली पण मी पाहिली नाही. पण ती गायची थांबली. आरतीला सगळे उभे राहायचे तेव्हा तिचे ओठ हलायचे, आवाज येत नसे. माझ्या धाकट्या बहिणीला तिने अंगाईसुद्धा म्हटली नाही, नुसतं थोपटायची. आळीतल्या बायांनी काही दिवस विचारलं, मग विचारेनाशा झाल्या.

मी मोठा झालो, आयटीआय केलं आणि धाटावला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात लागलो. रोह्यात खोली घेतली, लग्न झालं. शिफ्टची नोकरी. वडिलांचे ते चुलत भाऊ, आमचे रोह्याचे काका, तोवर वारले होते आणि लाऊडस्पीकरचा धंदाही बंद पडला होता. एकदा काकींकडे गेलो असताना त्या माळा साफ करून घेत होत्या. भंगारवाल्यासाठी काढलेल्या ढिगात मला आमच्या प्लेअरची ती थाळी दिसली, खाली सगळं यंत्र आणि तो एक स्पीकरही होता.

काकींना मी विचारलं की हे नेऊ का. त्या म्हणाल्या, ने रे बाबा, तुमचंच हाय ते, नाय तरी भंगारातच जाणार.

ते यंत्र दुरुस्त करायला मला बरेच महिने लागले. सुट्टीच्या दिवशी आणि शिफ्टहून आल्यावर मी तेच घेऊन बसायचो. ग्रीस सुकून दगड झालं होतं, ते रॉकेलने धुऊन काढलं. थाळीला फिरवणारं रबरी चाक कडक होऊन तडकलं होतं. त्याला पॉलिश पेपर मारून पाहिला, जमलं नाही, मग कंपनीतल्या एका ओळखीच्या फिटरकडून दुसरं करून घेतलं. कंडेन्सर सगळे गेलेले. व्हॉल्व्ह मुंबईला जुन्या बाजारात हिंडून मिळवले. स्पीकरचा कागदी कोन उंदरांनी खाल्ला होता, तो रोह्यातल्या रेडिओवाल्याने नवा बसवून दिला. बायको सुरुवातीला कुरकुरली, कारण जेवायचं टेबल अडलं होतं. पण मी तिला सगळं सांगितलं तेव्हापासून तीच विचारायला लागली, आज काय झालं, आवाज आला का.

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा नुसती घरघर होती. अर्थिंगमध्ये चूक होती. ती काढल्यावर एकदम स्वच्छ आवाज आला. त्या क्षणी मला वाटलं, झालं, आता सगळं जागच्या जागी जाईल. त्या वयात माणसाला असं वाटतं.

पेटी आणि दुसरा स्पीकर पेणला होता. मी आईला म्हटलं, पेटी नेतोय, काय करायचं ते विचारू नकोस. तिने विचारलं, "मग तांदूळ कशात ठेवू?"

मी तिला स्टीलचा डबा आणून दिला. पेटीचा पत्रा उपटला तेव्हा आत कडुनिंबाची पानं चिकटलेली होती, लाकडाला जुन्या तांदळाचा कुबट वास होता. तो काही केल्या पूर्ण गेला नाही. हंड्याखालचा स्पीकर पाण्याने फुगला होता, त्याचा वरचा भाग नवीन करावा लागला. पॉलिश करून सगळं पुन्हा बसवलं. मावशींच्या रेकॉर्डी काकांच्या लग्नसराईत झिजून गेल्या होत्या, म्हणून आई गायची तीच नाट्यगीतं आणि भावगीतं मी जुन्या बाजारातून शोधून आणली.

एका रविवारी ओळखीच्या टेम्पोतून हे सगळं पेणला नेलं. वडील तेव्हा निवृत्त झाले होते. रक्तदाबाने मऊ पडले होते. पडवीत आरामखुर्ची टाकून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायचे. पेटी उतरवताना त्यांनी पाहिली आणि त्यांना मनापासून आनंद झाला. "अरे, हा आपला!" म्हणून ते उठून उभे राहिले. कुठे ठेवायचा ते त्यांनीच सांगितलं.

मी आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी रेकॉर्ड लावली. वडिलांनी डोळे मिटून घेतले, खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला. मी आईकडे पाहत होतो. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. अनोळखी माणसाच्या घरात वाजणारं गाणं ऐकावं तसं तिने ते ऐकलं. संपल्यावर वडील म्हणाले, "काय गळा हाय बाईचा! असं आता कुणी गात नाय." आई मला म्हणाली, "झालं का? भात उतरवायचाय." आणि आत गेली.

थोड्या वेळाने मी आत गेलो. ती भात उतरवून मागच्या दारी येऊन बसली होती. मी म्हटलं, आई, मी हे तुझ्यासाठी केलंय, तू बसून ऐकत का नाहीस.

ती म्हणाली, "त्यांना ऐकू दे की. आता त्यांना आवडतं."

मी म्हटलं की तुलाही आवडायचं.

"मला मशीन नव्हतं रे ऐकायचं. मला त्याच्यासंगती गायचं होतं."

"मग गा ना आता. आता कोण अडवतंय?"

"आवाज फुटत नाय. तुम्ही कुणी घरात नव्हता तेव्हा एकदा बघितलंय मी. नाय फुटत." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तू चांगलं केलंस. दमला असशील. जेव."

त्यानंतर तो रेकॉर्ड प्लेअर वडिलांचा झाला. संध्याकाळी धक्क्यावरचे त्यांचे जुने सोबती यायचे. रेकॉर्डी लागायच्या, आई चहा करून द्यायची. वडील त्यांना पेटी कशी बोटीवरून आली, शेजारी कसे भले होते, ते सांगायचे. "मी जपून ठेवायला दिली होती भावाकडे," असंही म्हणायचे. एकदा माझ्यासमोर म्हणाले, "हिला पण लय आवड होती हां गाण्याची." आई कपबशा गोळा करत होती. ती थांबली नाही.

मला राहवलं नाही. पाहुणे गेल्यावर मी वडिलांना विचारलं की यंत्र जपायला दिलं होतं की आईचं गाणं बंद करायला. ते माझ्याकडे पाहत राहिले. आधी मला वाटलं, चिडतील. पण ते गोंधळले होते.

"कुणाचं गाणं?" ते म्हणाले. "अरे, त्याला लग्नसराईला मशीन पाहिजे होतं म्हणून दिलं. भावाला दिलं, त्यात काय वाईट केलं मी?"

मी त्यांना गणपतीतल्या त्या दुपारची आठवण करून दिली. त्या दोन माणसांची नावं सांगितली. वडिलांना ती माणसं आठवत होती, त्यातल्या एकाच्या मुलीच्या लग्नाला आपण गेलो होतो हेही आठवत होतं. ती दुपार आठवत नव्हती. खोटं बोलत नव्हते ते. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी मनातल्या मनात कितीदा भांडलो होतो, आणि ज्याच्यावरून भांडत होतो ते त्यांच्याकडे शिल्लकच नव्हतं. आईने आतून मला हाक मारली आणि हळू आवाजात सांगितलं, "गप बस. रक्तदाब वाढेल त्यांचा."

पुढे मी पेणला जायचो तेव्हा प्लेअरला हात लावत नसे. पण बिघडला की वडिलांचा निरोप यायचा आणि मला तो नीट करावाच लागायचा. सुई बदलायची, थाळीच्या फेऱ्या बघायच्या. आई त्या वेळी आत भाजी चिरत असायची.

आई वडिलांच्या आधी गेली. थोड्या दिवसांच्या दुखण्याने गेली. तेराव्याला घर भरलेलं होतं. जेवणं झाल्यावर वडील पडवीत बसून तिच्याबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांनी पेटीकडे हात केला आणि सगळ्यांना सांगितलं की तिला गाण्याची फार आवड, म्हणून मी मुद्दाम मुलाकडून हे परत नीट करून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. नातेवाईक माना हलवत होते. आईची थोरली बहीण तिथेच बसली होती. लग्नाआधी आई कशी गायची हे ठाऊक असलेली तेवढीच एक उरली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि उठून मागच्या दारी गेली.

वडील मला म्हणाले, "लाव रे तिच्या आवडीचं."

मला नाही म्हणायचं होतं. पण सगळे माझ्याकडे पाहत होते आणि माझे वडील रडत होते. मी झाकण उघडलं, रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली. गाणं सुरू झालं. आवाज अगदी स्वच्छ येत होता, कुठे घरघर नाही, खरखर नाही. माझ्या शेजारी बसलेला एक पाहुणा हळूच म्हणाला की काम फार छान केलंय तुम्ही. मी मान हलवली.