चालत्या फटफटीवरून उडी

लढाईत न पडणारे शिपाई रजेवर घरी आले की फटफटीवरून पडतात, हे पलटणीच्या साहेबाच्या ध्यानात आलं आणि त्याने चौकशी लावली. कोणाकडे फटफटी आहे, कोण पडला, कशाने पडला. त्यासाठी एक कारकून आमच्या सोलापुरातल्या घरी येऊन बसला. आमचे हे पलटणीत निरोप पोचवायला फटफटीच चालवत. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाची जुनी फटफटी त्यांनी हौसेने स्वतःलाही घेतली होती. आता मोडलेल्या पायाला फळ्या बांधून ते खाटेवर पडले होते. मी दाराआड उभी, आणि लाजेने माझे कान तापलेले. कारण ते पडले होते माझ्यामुळे.

झालं असं. मोहोळला माझ्या माहेरी जाऊन आम्ही दोघं परतत होतो. जकात नाक्यापाशी आलो, तर लिंबाच्या पारावर मामंजी, म्हणजे माझे सासरे, एकटेच बसलेले. सासऱ्यांसमोरून सुनेने पायात वहाणसुद्धा घालून जायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आणि मी महाराणी नवऱ्याच्या खांद्याला धरून बसलेली! काही सुचलं नाही. पदर सावरला आणि उडी टाकली. माझा नुसता गुडघा फुटला. हे मागे वळून बघायला गेले आणि फटफटीसकट खड्ड्यात गेले.

कारकुनाने विचारलं, "कुत्रं आडवं आलं? की दारू घेतली होती?"

दारूचं नाव निघाल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओसरीवर सगळी गल्ली जमलेली. खरं सांगावं तर माझी अब्रू जाणार, आणि खोटं बोलणं यांच्या स्वभावात नाही.

"दारूला शिवत बी न्हाय मी," हे म्हणाले. "माजंच ध्यान नव्हतं."

"असं लिहिलं तर साहेब पुन्हा फटफटी हाती देणार नाही. बंदूक खांद्यावर टाकून चालावं लागेल."

"लिवा की."

फटफटीवर त्यांचा किती जीव, हे मला ठाऊक होतं. पुढे होऊन बोलावं असं वाटत होतं, पण पाय उंबऱ्याबाहेर पडेना. चालत्या फटफटीवरून उडी मारणारी बाई मी, पण दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत.

कारकून गेला, गल्ली पांगली. मामंजी कधी माझ्याशी थेट बोलत नसत. ते दारापाशी आले आणि चौकटीकडे बघत म्हणाले, "पोरी, लांबनंच फटफटीचा आवाज आला, तवाच मी पाठ फिरवून बसलो हुतो. तुमी दोगं सुकानं म्होरं जावं म्हणून."

पाठच दिसली होती मला. तिला बघूनच मी उडी टाकली होती. तोंड लपवायला पदर पुरेना.