स्क्रूवरची गुलाबी रेघ

सिताराम तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर. महाडकडचा माणूस, नेरुळला सिडकोच्या खोलीत राहायचा, आणि हातात कानस आली की जेवायचं विसरायचा.

शहाऐंशी साली कारखान्यातल्या दिनानाथ साहेबांनी परदेशातून रेड डॉट आणला. वीतभर नळी, आत डोकावलं की लाल ठिपका, तो निशाण्यावर ठेवायचा नि गोळी सोडायची. पण ती त्यांच्या रायफलीवर बसेचना.

"सिताराम, तू माझा भाऊ. तूच बसवशील."

भाऊ म्हटलं की हा विरघळला. तीन रविवार घरी बसून त्याने नळी नि रायफल यांच्यामध्ये बसणारी प्लेट घासली. एकदा कानस सटकली, कोपऱ्यात चंद्रकोरीएवढी खाच पडली. लाज वाटली, पण मजबुतीला धक्का नव्हता, म्हणून राहू दिली. साहेबांच्या नेमबाजी क्लबाच्या रेंजवर नेम जुळवला, स्क्रू आवळला, आणि लेकीच्या, अरुणाच्या, गुलाबी नेलपॉलिशने स्क्रूवरून प्लेटवर एक रेघ ओढली. स्क्रू फिरला की रेघ तुटणार.

"साहेब, खोलायची नाय हां. काय झालं तर मला सांगा."

"अरे, खोलतंय कोण."

स्पर्धेच्या दिवशी साहेबांच्या सगळ्या गोळ्या डावीकडे. सगळ्या क्लबासमोर म्हणाले, "घरी घासलेल्या प्लेटवर भरवसा ठेवला, माझंच चुकलं."

सितारामने रिकामी रायफल हातात घेतली. रेघेचे दोन तुकडे, अर्ध्या आट्याचा फरक.

"कोणी खोलली?"

"कोणी नाही. कारणं नको देऊस."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर विलास नावाच्या नेमबाजाने आपली रायफल ठेवली. तिच्यावर तशीच प्लेट, मशीनवर काढलेली, चकचकीत. आणि कोपऱ्यात चंद्रकोर. करणाऱ्याला वाटलं असणार, खाच पाहिजेच.

"ही प्लेट कुठनं आणली, साहेब?" सितारामने विलासला विचारलं.

"दिनानाथने करून दिली. त्याचंच डिझाइन."

सितारामने दिनानाथकडे पाहिलं. तो गोळ्यांचा डबा बंद करत होता, उघडत होता, परत बंद करत होता. नक्कल काढायलाच खोलली, माझी चूक पण सोडली नाय याने, सितारामच्या मनात आलं.

त्याने खिशातला पेचकस काढला, रेघ रेघेला भिडेपर्यंत स्क्रू आवळला, रायफल पुढे सरकवली.

"आता मार."

जन्मात पहिल्यांदा अरेतुरे. दिनानाथने गपचूप मारली. कोणीतरी दुर्बिणीतून बघून म्हणालं, "दहा. बरोब्बर मधोमध."

"सिताराम, ऐक ना," दिनानाथ मागून बोलला.

सिताराम तोवर फाटकापर्यंत पोचला होता. वळला नाही.