पायरीवरचे चुरमुरे

भाजत्या चुरमुऱ्यांचा वास आला की मला निपाणीजवळच्या गावातली नदीची पायरी आठवते. माझी मावशी रोज सकाळी मला सोबत घेऊन तिथं बसून माशांना चुरमुरे टाकायची. आम्ही जैन, बारीकसा जीव पोटात जाऊ नये म्हणून ती पाणीसुद्धा गाळून प्यायची. तिच्या बांगड्या वाजल्या की मासे पायरीशी गोळा व्हायचे. पायरीला लागूनच नदीच्या पाण्यावर चालणारं वीजघर होतं. पावसाळा सरताना माशांची पिल्लं वरून खाली उतरतात, ती यंत्रात ओढली जाऊ नयेत म्हणून एका वर्षी पलीकडच्या काठानं वेगळा पाट काढला होता. एका सकाळी वीजघरातले अण्णा आमच्याजवळ आले. "आक्का, हितं नका टाकू. मासं पाटाकडं जायाचं सोडून तुमच्याकडं येत्यात, आन् हितनं यंत्रात जात्यात." मावशीची भरलेली मूठ तशीच राहिली. मग ती पदरात रिकामी करत ती मला म्हणाली, "मग इतकी वर्सं मी त्यांस्नी कुठं बोलवत हुते गं?" त्यानंतर ती नदीवर गेली नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले, मोकळ्या हातानं. पायरी उतरताना माझ्या बांगड्या वाजल्या आणि मासे आले. अजूनही कुठल्याही नदीकाठी गेले की मी बांगड्या वर सारून घट्ट धरते.