बसच्या खिडकीतून फेकलेली पुडी

सत्यशीलाताईची न् माझी पहिली भेट म्हणजे भांडणच. तेबी भोकरदन-जालना बसमध्ये, अर्ध्या गाडीनं माना वळवून बघावं असं.

बाजाराचा दिवस व्हता. भोकरदनहून मी घरी निघाल्ते. पिशवीत भाजीपाला न् मुठीत एक पुडी. शेजारच्या सीटवर साठीच्या आसपासची एक बाई येऊन बसली. चष्मा, सुती साडी, मांडीवर डबा. तिनं माझ्या मुठीकडं बघितलं न् सरळ इचारलं, "दारू सोडवायची पुडी हाय का?"

मी दचकलेच. म्हणलं, "तुम्हाला काय करायचंय?"

"मालकाला देता का? सांगून देता का चोरून?"

आता असली पुडी चोरूनच देतेत की! देणाऱ्यानं बजावल्तं, चहात कालवायची, पिणाऱ्याला बिलकुल पत्ता लागू द्यायचा न्हाई, न्हाईतर गुण येत न्हाई. पहिली पुडी पंधरा दिवस दिल्ती. तिनं उलट्या झाल्या, दारू तशीच राह्यली. म्हणून ही दुसरी, जरा जालीम. मी फणकाऱ्यानं म्हणलं, "व्हय, चोरून देते. तुमचं काय जातंय?"

तिनं माझी मूठ उघडली, पुडी घेतली न् चालत्या गाडीच्या खिडकीतून भिरकावून दिली.

मंग माझं तोंड सुटलं. "अगं बया बया! ओळख न्हाई पाळख न्हाई, माझ्या संसाराचं औषध फेकते का गं सटवे?" काय काय बोलले ते आता आठवलं तरी लाज वाटती. कंडक्टर आला, म्हणला, "मावशी, भांडायचं असंल तर खाली उतरून भांडा." ती बाई मात्र शांत. कंडक्टरला म्हणली, "हिचं जालन्यापर्यंतचं तिकीट फाडा." न् मला म्हणली, "गावाला उतरू नको. भाजी काय पळून जात न्हाई. माझ्यासंगं चल, खरं औषध कुठं मिळतं ते दावते. आवडलं न्हाई तर परतीच्या गाडीत आणखी शिव्या दे."

माझं गाव आलं, गाडी थांबली, न् मी बसूनच राह्यले. का बसले ते देवालाच म्हैत. उतरले असते तर आज हे सांगायला मी कुंकवाची राह्यले नसते, एवढं बराबर कळतं.

आमच्या मालकाचं नाव कल्याण. बाई नवऱ्याचं नाव घेती म्हणून हसू नका, आता सवय झालीय. त्यांचं रोडला मोटार वायंडिंगचं दुकान हाय. विहिरीवरची मोटार जळाली की लोक आमच्याकडं घेऊन येतेत. तांब्याची तार मोजून गुंडाळायची, एकेक वेढा खाचेत बसवायचा, वरून वार्निश. पंचक्रोशीत असा हात न्हाई, हे मी बायको म्हणून सांगत न्हाई, गिऱ्हाईक सांगतेत. पण पीक सुकायला लागलं की माणसाला घाई. "कल्याणभाऊ, आजच्या आज भरून द्या" म्हणायचं न् टेबलावर बाटली ठेवायची. मजुरी येगळी, बाटली येगळी. लोकांच्या मोटारी भरता भरता आमचं घर रिकामं झालं. शेवटी शेवटी तर सकाळी घेतल्याबिगर त्यांचा हात थरथरायचा, तार खाचेत बसायची न्हाई. आमची अर्पिता दहावीला, तिनं मैत्रिणींना घरी आणणं बंद केल्तं.

मी काय कमी उपाय केले? नवस केले, शपथा घातल्या. गळ्यात माळ घालायला लावली. मालक काय करायचे, प्यायच्या आधी माळ काढून खुंटीला टांगायचे न् मंग प्यायचे. देवाचा मान बराबर राखायचे! भांडले, माहेरी गेले, परत आले. सगळं झाल्यावर त्या पुडीवर जीव टांगल्ता.

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात ताई मला एका खोलीपाशी घेऊन गेली. पाटी वाचली न् मी मागं सरले. मानसोपचार. मी म्हणलं, "आमचे मालक पेताड हायेत, येडे न्हाईत."

"येड्याचं न्हाई गं, मनाचं हाय. दारू मनातच बसलेली असती ना? का खिशात?"

आतल्या डॉक्टरनं माझं दहा मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं. गावात कुणी माझं एवढं ऐकलं नव्हतं. ते म्हणले, हा आजार हाय, याला इलाज हाय. घरच्या घरी एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतेत, इथं भरती करा. न् पुडीचं सांगितल्यावर त्यांचा आवाज जरा चढला. "त्या पुडीत काय असतं कुणाला ठाऊक? पिणाऱ्याला न सांगता गोळी दिली न् त्यानं वर दारू घेतली तर जीव जातो, बाई."

बाहेर आले तर ताई झाडाखाली बसल्ती. मी इचारलं, "तुम्हाला पुडीचं कसं कळलं हो?"

तिनं डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. मंग म्हणली, "अकरा वर्षांमागं मीच दिल्ती. आमच्या वसंतरावांना."

ताई अंगणवाडीत सेविका व्हती. दुसऱ्याच्या लेकरांना डोस पाजायची, वजनं करायची, सगळ्या गावाला आरोग्य शिकवायची. न् घरी आली की नवऱ्याच्या चहात पुडी कालवायची. "थेंब ठेवायचे न्हाईत," ती म्हणली. "चहा पिऊन झाला की बशी जिभेनं पुसून घ्यायचे, न् कप माझ्या हातात देताना हसायचे. मला वाटायचं, किती भोळा माणूस हाय, न् मी त्याला फसवून राह्यले. एक दिवस बाहेरून पिऊन आले, छाती धडधडाय लागली, चेहरा लालबुंद झाला. गाडी केली. जालना यायच्या आधीच संपलं." त्या दिवसापासून ताईनं चहाला तोंड लावलं न्हाई. अंगणवाडीतून रिटायर झाल्यावर हेच काम धरलं, कुणी सांगितलं न्हाई, पगार न्हाई. बाजाराच्या दिवशी भोकरदनहून बसमध्ये बसायचं न् बायांच्या मुठी बघायच्या.

मी तिचे पाय धरायला गेले तर तिनं मला झटकलं. "पाय कशाला धरती? मालकाला आणायचं बघ."

मी म्हणलं, "पोटाचा फोटो काढायचाय असं खोटं सांगून आणते."

"आता चोरून काय न्हाई. एक बार केलंस ते पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः आमच्या दुकानात आली. मालक जळकी मोटार खोलून बसल्ते. ताई समोरच्या स्टुलावर बसली न् म्हणली, "कल्याणभाऊ, हात दावा बरं." त्यांनी दोन्ही हात पुढं केले. पानं हलावीत तसे हलत व्हते. मी दाराआड उभी. आता हे हातोडा फेकतेत का काय!

ताईनं इचारलं, "सोडायची का? सोपं न्हाई, पण जालन्याला इलाज होतो. मी संगं येते."

मालक खाली बघत म्हणले, "कवा निघायचं?"

एवढंच! बारा वर्षं मी डोकं फोडून घेतलं, न् या माणसाला कुणी सरळ इचारलंच नव्हतं. मला हसावं का रडावं कळंना.

पहिले चार दिवस लई वाईट गेले. घाम, कापरं, रात्रभर बडबड. सलाईन, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. मी म्हणलं, हा माणूस वाचत न्हाई. ताई रोज डबा घेऊन यायची, माझ्यासाठी. "पेशंटला दवाखाना खायला देतो," म्हणायची, "पेशंटच्या बायकोला कोण देतो?" बारा दिवसांनी घरी आलो. मंग दर गुरुवारी बैठक. दारू सोडलेली माणसं एका शाळेच्या खोलीत जमतेत, आपापलं सांगतेत, कुणी कुणाला नावं ठेवत न्हाई. शेजारच्या वर्गात आम्ही बाया. ताई सगळ्यांना चहा करायची न् आपण पाणी प्यायची.

सगळं गोडगोड झालं असं न्हाई बरं का. पाचव्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं जुन्या सवयीनं बाटली ठेवली न् मालक घसरले. मी ताटं आपटली, पिशवी भरली, ताईला फोन लावला, "संपलं सगळं!" ताई म्हणली, "सायकल शिकताना पोरगी पडली तर सायकल इकती का? फोन त्यांच्याकडं दे." काय बोलली म्हैत न्हाई. मालक त्याच गुरुवारी बैठकीला गेले न् सगळ्यांपुढं कबूल करून आले. आल्यावर दुकानावर पाटी लावली, 'बाटली आणणाऱ्याची मोटार उशिरा मिळेल.' गिऱ्हाइकं हसली, पण पाटीनं काम केलं.

त्यानंतर एक वरीस पुरं झालं. ज्याचं वरीस पुरं व्हतं, त्याच्या घरच्यांनाबी त्या गुरुवारी आत बोलावतेत. मी, अर्पिता न् ताई एका बाकावर बसलो. चहा आज मी केल्ता. मालक उभे राह्यले. इस्त्रीचा शर्ट, हात एकदम थिर. म्हणले, "मी कल्याण. एक गोष्ट मी बायकोलाबी सांगितली न्हाई. ती माझ्या चहात पुडी घालायची. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक व्हतं."

मी बाकावरून अर्धी उठलेच.

"पिठाच्या डब्यामागं पुडी बघितल्ती मी. मुकाट प्यायचो. वाटायचं, माझ्यानं तर सुटत न्हाई, हिच्यानं सुटली तर सुटंल. बोलायची हिंमत नव्हती. कपात कायबी ठेवायचो न्हाई. औषध वाया जाऊ नये म्हणून."

बाकी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ताईकडं बघितलं. तिनं माझा हात इतका घट्ट धरल्ता की बांगडी रुतली. बैठक संपली तरी ती उठंना. मालक जवळ आले तसं तिनं हळूच इचारलं, "कडू लागायचा का हो चहा?"

"जहर कडू, ताई. भोळ्यालाबी कळंल असा."

"न् तुम्ही बशीबी..."

"बशीबी पुसून घ्यायचो."

ताईनं चष्मा काढला. इतके दिवस तिनं आम्हा सगळ्या बायांना रडू दिल्तं, आपण कधी रडली नव्हती. आता पदर तोंडात धरून हुंदके द्यायला लागली. म्हणत व्हती, "हसायचे हो. कप देताना माझ्याकडं बघून हसायचे. त्यांना ठाऊक व्हतं. त्यांनाबी सोडायची व्हती." मालक तिच्या पायाशी फरशीवर बसले. मी तिला छातीशी धरलं. तिनं माझा नवरा मला परत दिला, तिचे उपकार या जन्मी फिटणार न्हाईत, हे मला पक्कं ठाऊक हाय. पण त्या दिवशी वाटलं, निदान तिचा वसंतराव तरी आम्ही तिला जरासा परत आणून दिला.

बऱ्याच येळानं तिनं डोळे पुसले, चष्मा घातला न् अर्पिताला म्हणली, "पोरी, किटलीत चहा राह्यला का?"

अर्पितानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली, दे म्हणून. तिनं कप भरून दिला. ताईनं बशीत ओतला, फुंकर मारली न् घोट घोट करत सगळा प्याली. मंग बशी माझ्या हातात देत म्हणली, "उषा, साखर कमी टाकलीस गं."