कयाधूतला मासा आणि आक्काच्या दाढा

निजामाच्या राज्यातली गोष्ट. माझ्या लेकीचं लग्न ठरलं आणि थोरल्या बहिणीचा, आक्काचा, निरोप आला, "मला येणं होत न्हाई." कारण काही नाही. आक्काशिवाय लग्न कसलं? मीच निघाले तिला आणायला.

परभणीहून सकाळच्या मोटारीने औंढा गाठलं. सडक सगळी धुळीची, पदर नाकाला लावूनच बसायचं. नागनाथाचं दर्शन झालं आणि देवळासमोर गरम फुटाणे घेतले, निजामाच्या एका हाली आण्यात ओंजळी भरून. लहानपणी आक्काच्या ओच्यात कायम फुटाणे असायचे. पुढे बैलगाडी. तुम्ही जाणार असाल तर ऊन चढायच्या आत निघा, वाटेत सावली अशी नाहीच.

आक्काचं गाव कयाधू नदीच्या काठी. तिने फुटाणे कपाळाला लावले आणि मडक्यात ठेवून दिले. जेवायला काही माझ्यासोबत बसेना. नंतर बघते तर भिंतीकडे तोंड करून ताकात कुस्करलेली भाकरी खात होती. दुखण्यात तिचे सगळे दात गेले होते, आणि मी शहाणीने आणलं काय, तर फुटाणे! मला रडूच आलं.

"पंगतीत बसून असं खाऊ काय? लोकं हासतील," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी नदीवर गेलो. एक भोईण मोठ्या खवल्यांचा मासा चिरत होती. पोटातून गोगलगाईंच्या टरफलांचा चुरा निघाला. आक्काने माशाच्या जबड्यावरून बोट फिरवलं.

"अगं बाई, ह्याच्या तोंडात तर एक बी दात न्हाई! मग फोडतंय कशानं?"

भोईणीने कल्ल्यामागचं वाकडं हाड काढून तिच्या तळहातावर ठेवलं. त्यावर दाढा होत्या. "घशात हायती की! वरून घट्ट गादी, खालून ह्या दाढा. मधी गोगलगाय घावली की टरफलाचा भुगाच."

"म्हंजे तोंडात न्हाई तर न्हाई, दुसरीकडं सोय केली गड्यानं!" आक्का हसली, तोंडाला पदर न लावता. ते बोळकं हसू मी पहिल्यांदाच पाहिलं. फार गोड दिसत होती माझी बहीण.

परतीच्या गाडीत ती होती, आणि मांडीवर एक जड गाठोडं. आत काय आहे ते सांगेना.

लग्नाच्या पंगतीत आक्का ऐन मधोमध बसली. गाठोडं सोडून दगडी खलबत्ता पानाशेजारी ठेवला आणि त्यात कडक लाडू टाकला.

विहीणबाई बघतच राहिल्या. "आक्का, हे काहून आणलं?"

"माझ्या घशातल्या दाढा हायती. तुमी जेवा!"

पंगत हसली. सगळ्यांत जोरात आक्का. मग पलीकडच्या एका म्हातारीने हळूच आपला लाडू पुढे केला, "माझा बी कुटा."

आक्का गावी परतली, खलबत्ता इथेच राहिला. विसरली असेल म्हणून कळवलं, तर निरोप आला, "ठेव तुझ्याकडं. तुझी बी दाढ हालून राहिली, मला दिसलं न्हाई व्हय?"