घागरीतलं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादांना नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच.

दादा माझे थोरले भाऊ, कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. नवरा गेल्यावर मी त्यांच्याकडे आले. महाराजांच्या राज्यात बायकांनी शिकावं असं वारं होतं. दादांनी मला सूक्ष्मदर्शक हाताळायला शिकवलं. पडवीत काचेच्या बरण्या होत्या. त्यांत रंकाळा तळ्यातले हिरवे हायड्रा — दोऱ्याच्या तुकड्याएवढे जीव, पोवळ्यांच्या आणि जेलीफिशच्या कुळातले. हिरवेपणा त्यांचा नव्हे, अंगात राहणाऱ्या शेवाळाचा. ते शेवाळ त्यांना काय देतं, काय घेतं? दादांचे विद्यार्थी तेच तपासत होते.

पाणी बदलायचं काम त्यांतल्याच एकाकडे, कुरुंदवाडहून शिकायला आलेल्या इस्माईलकडे. तळ्याचंच घालायचं, हा दादांचा नियम. उन्हाळ्यात ते गढूळ यायचं. मला घाण खपत नाही. एका सकाळी मी ते अलगद ओतून टाकलं आणि पिण्याच्या तांब्याच्या घागरीतलं घातलं. घरात दादांच्या तान्ह्या बाळालाही तेच पाजायचो — त्याहून शुद्ध काय असणार?

दुसऱ्या दिवशी सगळे आकसून विरघळत होते. एका वाटीत थोडे वेगळे ठेवलेले होते. त्यांतला एक मी घागरीच्या पाण्यात सोडला आणि बघत बसले. दुपारपर्यंत तोही गेला. माणसाला न बाधणारा तांब्याचा अंश या जिवांना विष ठरला होता.

दादा काय करतील? दिराच्या घरी परत धाडतील? तो उंबरा मला पुन्हा ओलांडायचा नव्हता — काही झालं तरी.

दादांनी इस्माईलला विचारलं.

"तळ्याचंच पानी हाय की, मास्तर."

त्याचे वडील रंगारी. सुट्टीत तोही रंगात हात घालायचा. नखं निळी असायची. दादा म्हणाले, "हे हात बरणीत बुडवलेस?" तो हातांकडे बघत राहिला. मी दाराआड उभी होते. बरण्यांतलं ते घागरीचं पाणी मी तोवर मोरीत ओतलं होतं.

त्याला कामावरून काढलं. पुढे त्यानं कॉलेजही सोडलं.

बऱ्याच वर्षांनी कुरुंदवाडच्या बाजारात तो भेटला. कोपरापर्यंत निळा. "अक्का, बऱ्या हायसा न्हवं?" मग हसून म्हणाला, "म्याच मारलं की बरणीतल्या त्या जिवास्नी. ह्या हातांनी."

दादा तेव्हा वारले होते, दीरही. मला कुणी कुठे धाडणार नव्हतं.

तरी मी म्हणाले, "असेल."