तुरीच्या दाण्यांवरचा छापा

नोकरीत जुगाराचे छापे पुष्कळ टाकले. त्यांतला मेडशीचा एक छापा मला आजही विसरता येत नाही.

दुपारी ठाण्यात खबर आली: शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत रोज पत्ते चालतात. दोन पंच आणि तीन शिपाई घेऊन मी गेलो. चौघे बसले होते. मध्ये पत्ते, प्रत्येकासमोर तुरीच्या दाण्यांचा ढीग, भिंतीवर चिकटवलेली यादी: जोडी, दोन जोड्या, रन, कलर. दाणे म्हणजे पैसे आणि यादी म्हणजे अड्ड्याचे दर, असं मी धरून चाललो. पंचनाम्यात तेच लिहिलं. खिशांतले पैसे जप्त केले, गुन्हा नोंदवला.

चौघांत शिंप्याचा मुलगा होता. वनरक्षकाच्या निवड यादीत त्याचं नाव लागलं होतं आणि चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यात यायची होती.

दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवलं.

"साहेब, मोबाईलवर पाहून पोकर शिकून राह्यलो होतो. पैसा लावलाच नाही."

"शिकायले तूर कायले लागते रे?" हवालदारांनी विचारलं.

"मंग काय सोयाबीन घ्याव? ते घरंगळते."

जप्त पत्ते सीलबंद होते, म्हणून शिपायांच्या बराकीतून जोड मागवला. एकीकडे बदामाचे कोणतेही पाच पत्ते मांडले, म्हणजे कलर; दुसरीकडे वेगवेगळ्या रंगांचे ओळीने पाच, म्हणजे रन. मोठं कोणतं, विचारलं.

"रन," तो लगेच म्हणाला. मग ओशाळला. "नाही, थांबा. ते तीन पत्तीत. यात कलर मोठा. मी सारका इथंच चुकतो."

अड्डा चालवणारा इथं चुकत नाही. ती यादी नवशिक्याने पाठ करण्यासाठी भिंतीवर चिकटवली होती.

गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेला, असा 'क' समरी अहवाल कोर्टाला पाठवून मला प्रकरण बंद करता आलं असतं. पण छापा महिन्याच्या कामगिरीत धरला गेला होता, वरिष्ठांची शाबासकी मिळाली होती. मी दोषारोपपत्र पाठवलं. पडताळणीच्या फॉर्मवर 'गुन्हा प्रलंबित' हे शब्दही माझ्याच हातचे.

कोर्टाने चौघांना निर्दोष सोडलं, तोवर भरती संपली होती. जप्त पैसे परत घ्यायला शिंप्याचा मुलगा ठाण्यात आला.

"साहेब, तुमाले तं पत्ते मांडले त्याच दिवशी समजलं होतं ना?"

मी म्हणालो, "इथं सही कर."

पंचनाम्यात चूक कोणाच्याही हातून होते. कळल्यावर ती वर कळवायला धैर्य लागतं. माझ्याकडे ते नव्हतं, एवढंच मी या प्रकरणातून शिकलो, तेही उशिरा. दुकान मेडशीच्या स्टँडला लागूनच आहे. एसटी थांबली की तो मशीनवर बसलेला दिसतो. मी उतरत नाही.